एका रुमालाची गोष्ट

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. एवढ्या उशिरा तिचा फोन म्हणजे एकतर पैसे हवेत, नाहीतर कुणाशी तरी भांडण झालंय. या वेळी भांडणच होतं, पण कुणा माणसाशी नाही, एका मुखवट्याशी.

ही आमची भाची घरातल्या बऱ्याच जणांचा विरोध पत्करून नाटकाच्या अभ्यासक्रमाला गेली आहे. (विरोध करणाऱ्यांपैकी दोघे-तिघे हे वाचतीलच. त्यांना नमस्कार!) फोनवर ती जवळजवळ रडकुंडीला आली होती. "मामा, तीन आठवडे झाले. आम्हाला एक शब्द बोलू देत नाहीत. तोंडावर तो मुखवटा चढवायचा आणि नुसतं उठायचं, चालायचं, वळून बघायचं. डोळे, भुवया, ओठ काही म्हणजे काही वापरायचं नाही. मी अभिनय शिकायला आलेय ना रे? मग माझा चेहराच काढून घेतल्यावर मी करू काय?"

तिची शंका अगदी रास्त आहे. आपल्याकडे एखाद्या नटाचं कौतुक करायचं तर पहिलं वाक्य येतं, "काय बोलका चेहरा आहे!" त्यामुळे चेहरा झाकून अभिनय शिकवायचा म्हणजे हात बांधून पोहायला शिकवण्यासारखं वाटतं. मी तिला म्हटलं, "घाईघाईने काही सोडू बिडू नकोस. रविवारी घरी ये, मग बोलू." माझी स्वतःची रंगभूमीची सेवा म्हणजे कॉलेजात तीन एकांकिका आणि बँकेच्या स्नेहसंमेलनात एक फार्स. पण नाटकाबद्दल वाचायचं वेड जुनं आहे, आणि ही मुखवट्याची भानगड कुठून सुरू झाली ते मला ठाऊक होतं. रविवारी तिला जे सांगितलं तेच इथे जरा सावकाशीने लिहितो आहे. शेवटी घरातलीही एक गोष्ट आहे. ती नातेवाइकांनी जरूर वाचावी.

तर गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये, जाक कोपो नावाच्या माणसापासून. जन्म १८७९चा. हा मुळात नट नाही, साहित्यिक आणि समीक्षक. आंद्रे जीदसारख्या मित्रांबरोबर एक वाङ्मयीन मासिक चालवायचा आणि नाटकांवर परखड लिहायचा. त्या वेळच्या पॅरिसच्या व्यावसायिक रंगभूमीवर त्याचा भयंकर राग. नट येणार, प्रेक्षकांकडे तोंड करून ठरलेली मुद्रा करणार, ठरलेल्या सुरात वाक्य फेकणार, टाळी घेणार. या वृत्तीला फ्रेंचमध्ये 'काबोतिनाज' असा शब्द आहे. आपण नटवेपणा म्हणू. कोपोला तो रंगभूमीला लागलेला रोग वाटायचा. शेवटी नुसतं लिहून भागेना म्हणून ऑक्टोबर १९१३ मध्ये त्याने स्वतःचंच थिएटर काढलं. नाव 'व्ह्यू-कोलोंबिये', म्हणजे जुना कबुतरखाना. (ज्या रस्त्यावर थिएटर होतं त्याचं ते नाव.)

वर्षभराच्या आत पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि थिएटर बंद पडलं. पण त्या सक्तीच्या सुटीत कोपो भरपूर हिंडला. १९१५ मध्ये फ्लॉरेन्सला जाऊन गॉर्डन क्रेगला भेटला, जिनिव्हाला जाऊन दालक्रोझची तालावर अंग हलवायची पद्धत पाहिली. १९१७ ते १९१९ अशी दोन वर्षं मंडळी घेऊन न्यूयॉर्कला नाटकं केली. या सगळ्या काळात त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की होत गेली. तयार झालेले नट सुधारणं अवघड आहे, कोवळी मुलं घेऊन शाळाच काढली पाहिजे.

आणि इथे तो रुमाल येतो.

तालमीतला प्रसंग असा सांगतात. एक नटी एका जागी अडकली होती. काय करायचं ते तिला समजत होतं, पण सगळे आपल्याकडे बघताहेत या जाणिवेने तिचं अंग लाकडासारखं झालं होतं. कोपो बराच वेळ थांबला. शेवटी वैतागून त्याने आपला रुमाल काढला, तिच्या चेहऱ्यावर टाकला आणि म्हणाला, आता कर. आणि तिचं अंग सुटलं! चेहऱ्याने जे दाखवायचा ती इतका वेळ आटापिटा करत होती ते खांद्यांतून, पाठीतून, पावलांतून आपसूक यायला लागलं.

वैतागातून शोध लागला म्हणायचा. पण कोपो ते विसरला नाही. १९२१ पासून त्याची शाळा रीतसर सुरू झाली तेव्हा चेहरा झाकून काम करणं हा तिथला एक खराखुरा विषय झाला. सुरुवातीला नुसते रुमाल. मग मुलं स्वतःच मुखवटे बनवायला शिकली. आल्बेर मार्क नावाचा शिल्पकार त्यांना त्यासाठी शिकवायचा. या मुखवट्यांवर हसू नाही, रडू नाही, राग नाही. कोपोच्या शाळेत त्याला 'उमदा मुखवटा' म्हणत. सोबतीला व्यायाम: जॉर्ज एबेर या नौदलातल्या अधिकाऱ्याची धावणं, उडी मारणं, चढणं, ओझं उचलणं अशी नैसर्गिक हालचालींची पद्धत. कसरतीसाठी सर्कशीतल्या फ्रातेल्लिनी बंधूंची मदत. आणि या सगळ्याचा रोजचा गाडा ओढणारी बाई म्हणजे सुझान बिंग. कोपोचं नाव सगळे घेतात, पण मुलांबरोबर तासन्‌तास घालवून कोणता व्यायाम कशानंतर द्यायचा हे बसवलं ते मुख्यतः बिंगबाईंनी. (आपल्याकडच्या शाळांमध्येही संस्थापकांचा फोटो हॉलमध्ये असतो आणि शिकवणाऱ्या बाईंचं नाव माजी विद्यार्थ्यांनाच ठाऊक असतं, तसंच.)

१९२४ मध्ये बिंगबाईंनी मुलांकडून 'कांतान' हे जपानी नो नाटक बसवून घेतलं. मुख्यतः पुस्तकांच्या आधाराने! कारण काय, तर मुखवटा, संथ हालचाल आणि काटेकोर शिस्त या तिन्ही गोष्टी एकत्र सापडतील असं नाटक त्यांना हवं होतं. प्रयोगाच्या तोंडावर एका मुलाचा गुडघा दुखावला आणि जाहीर प्रयोग झालाच नाही. रंगीत तालीम पाहायला इंग्रज नाटककार हार्ली ग्रॅनव्हिल-बार्कर आला होता, तो मात्र भारावून गेला. त्याच वर्षी कोपोने थिएटर आणि शाळा दोन्ही बंद केली आणि काही मुलं घेऊन तो बर्गंडीच्या खेड्यात राहायला गेला. म्हणजे धड शाळा चालली ती जेमतेम तीन वर्षं. पण त्या तीन वर्षांतून पुढे काय काय निघालं बघा.

शाळेच्या शेवटच्या वर्षी तिथे पंचविशीतला एक विद्यार्थी आला होता, एतिएन दक्रू. गवंड्याचा मुलगा. स्वतः गवंडीकाम, प्लंबिंग, खाटीकखान्यातलं काम असे नाना उद्योग केलेला. विचारांनी अराजकवादी. आणि तो शाळेत आला कशासाठी? तर राजकीय सभांमध्ये भाषणं ठोकायला आवाज आणि उच्चार सुधारावेत म्हणून! बोलायला शिकायला आलेला हा माणूस पुढे विसाव्या शतकातल्या मूकाभिनयाचा सगळ्यात कडक गुरू झाला.

हे झालं वरच्या वर्गातल्या मुलांचं काम पाहून. प्रेक्षागृहात बसून त्याने पाहिलं की मुलांनी चेहरे झाकले आहेत, अंगावर लाजेपुरतेच कपडे आहेत आणि ती साध्यासुध्या गोष्टी करताहेत. एक माणूस एका माशीला हुसकावतो आहे. एक बाई भविष्य सांगणारीवर चिडून तिचा गळा धरते आहे. कुणी एखादा धंदा करून दाखवतो आहे, कुणी यंत्राच्या हालचाली. गोष्टी इतक्याच, पण दक्रूच्या डोक्यातून ते चित्र पुढची साठ-पासष्ट वर्षं गेलं नाही. कोपोच्या शाळेत मुखवटा हा बोलणाऱ्या नटाच्या तयारीचा एक भाग होता. दक्रूने त्यालाच आयुष्य केलं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. चेहरा आणि हात हे दोघे खोटं बोलण्यात पटाईत असतात, कारण आयुष्यभर आपण त्यांच्याकडून तेच काम करून घेतो. नको असलेला पाहुणा आला तरी चेहरा हसतो आणि हात "या, या" म्हणतो. पाठीला मात्र हे जमत नाही. म्हणून नटाने आधी धड शिकावं, हात नंतर, चेहरा सगळ्यात शेवटी. त्यासाठी त्याने शरीराचे तुकडे पाडले: डोकं, मान, छाती, कंबर, ओटीपोट. गाणारा जसा सरगम घोटतो तसा एकेक भाग बाकीचे न हलवता कलता करायचा, फिरवायचा, सरकवायचा. करून बघा. मान न हलवता नुसती छाती एका बाजूला सरकवा. मी आरशासमोर करून पाहिलं, बायको म्हणाली, "उसण भरलीय का?"

दुसरा भाग वजनाचा. नसलेली दोरी ओढायची, नसलेली पेटी ढकलायची तर हाताच्या मुठी वळून काही होत नाही. खरं ओझं ओढताना शरीर कुठे मागे जातं, टाच कुठे रुतते, श्वास कुठे अडतो, ते सगळं शोधून पुन्हा उभं करायचं. इथे त्याचं गवंडीकाम उपयोगी पडलं असणार असं मला नेहमी वाटतं. विटा वाहिलेल्या माणसाला वजन कुठल्या सांध्यात बसतं ते पुस्तकात वाचावं लागत नाही.

१९३१ मध्ये शार्ल द्यूलँच्या थिएटरात दक्रूला ज्याँ-लुई बारो भेटला, वय एकवीस. दोघांना वेडच लागलं. दोन वर्षं दिवसरात्र तेच. एका जागी उभं राहून चालण्याचा भास निर्माण करणारी चाल त्यांनी घोटून घोटून काढली, तिच्या नकला आजही कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये होतात. दोघे मिळून शाकाहारीसुद्धा झाले! पुढे बारो मोठा नट झाला. १९३५ मध्ये त्याने फॉकनरच्या एका कादंबरीवरून नाटक केलं, त्यात घोडा माणसाळवण्याच्या प्रसंगात घोडाही तोच आणि स्वारही तोच.

या दोघांना एकत्र पाहायचं असेल तर १९४५ चा मार्सेल कार्नेचा चित्रपट 'चिल्ड्रन ऑफ पॅराडाइज' मिळवून पाहा. बारो त्यात एकोणिसाव्या शतकातला मूकनट बाप्तिस्त आहे आणि दक्रू त्याचा बाप, पोराला चार लोकांत हिणवणारा. गर्दीत एका गृहस्थाचं घड्याळ चोरीला जातं, आळ एका बाईवर येतो. पांढऱ्या चेहऱ्याचा बाप्तिस्त पिंपावर बसून सगळं बघत असतो. साक्ष द्यायची म्हणून तो एक शब्दही न बोलता अख्खी चोरी करून दाखवतो: तो ढेरपोट्या गृहस्थ, ती बाई, तो चोर. तिघेही एकाच अंगात. बाई सुटते. मूकाभिनय म्हणजे काय हे कुणी विचारलं तर मी हे दृश्य दाखवतो.

आता तुम्ही म्हणाल, मूकाभिनय म्हटल्यावर आम्हाला एकच नाव आठवतं, ते कुठे आहे? आलंच. मार्सेल मार्सो. जन्म १९२३, स्ट्रासबुर्गचा, ज्यू कुटुंबातला, खरं आडनाव मांजेल. दुसऱ्या महायुद्धात तो भूमिगत चळवळीत होता आणि ज्यू मुलांना सीमेपार स्वित्झर्लंडला पोचवायच्या कामात त्याने भाग घेतला. त्याचे वडील आउशवित्झच्या छळछावणीतून परत आले नाहीत. १९४४ नंतर तो द्यूलँच्या शाळेत आला, तिथे मूकाभिनय शिकवायला दक्रू. १९४७ मध्ये मार्सोने 'बिप' उभा केला: पट्ट्यापट्ट्यांचा बनियन, चेपलेली उंच टोपी, त्यात एक लाल फूल आणि रंगवलेला पांढरा चेहरा. जग त्याच्या प्रेमात पडलं.

गुरू मात्र खूष नव्हता! दक्रूला पांढरा चेहरा, विनोद, टाळ्या या सगळ्याचा वीट होता. तो स्वतः घरच्या जेवणाच्या खोलीत दोन-तीन प्रेक्षकांसमोर प्रयोग करायचा. १९६२ पासून पॅरिसजवळच्या बूलोन्य-बियाँकूरला आपल्या घराच्या तळघरात जगभरातून येणाऱ्या मुलांना त्याने वर्षानुवर्षं शिकवलं. १९९१ मध्ये तो गेला. मार्सो गेला २००७ मध्ये. शिष्याचं नाव घराघरात, गुरूचं नाव फक्त नाटकवाल्यांत. आणि शिष्याच्या यशामुळेच पुढे अशी पंचाईत झाली की मूकाभिनय म्हणजे पांढरा रंग फासून काचेची भिंत चाचपणारा माणूस, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

पण मला गुरूची बाजू पूर्ण घेववत नाही, आणि त्याला कारण मार्सोचाच एक प्रयोग आहे, 'मुखवटे बनवणारा'. एक कारागीर मुखवटे घालून बघतो आहे. हसरा, रडका, हसरा, रडका. प्रत्यक्षात हातात काही नाही, नुसता चेहरा बदलतो. आणि मग हसरा मुखवटा अडकतो. निघतच नाही. तो ओढतो, खेचतो, जमिनीवर कोसळतो. खाली सगळं शरीर आक्रोश करतंय आणि वर चेहरा मात्र खदखदून हसतोय. हा प्रयोग चेहऱ्याशिवाय शक्यच नाही, पण सांगतो काय, तर खरं कुठे शोधायचं ते. दक्रूचा धडा शिष्याने बरोबर उलटा करून, पण तंतोतंत गिरवला असं मला वाटतं. या प्रयोगाची मला पुन्हा गरज पडणार आहे.

भाचीच्या मुखवट्याचा धागा मात्र दक्रूकडून येत नाही. तो जातो कोपोच्या जावयाकडे. ज्याँ दास्ते कोपोच्या शाळेतला विद्यार्थी, त्याने कोपोची मुलगी मारी-एलेन हिच्याशी लग्न केलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४५ मध्ये त्याने ग्रनोब्लला नाटक कंपनी काढली, आणि तिथे व्यायामशिक्षक म्हणून तयार झालेला एक तरुण आला, जाक लकोक. जन्म १९२१. अभिनयाकडे हा आला तो पळणं, पोहणं आणि पॅरलल बार यांच्या वाटेने. दास्तेने त्याला मुखवट्याची ओळख करून दिली. १९४८ मध्ये लकोक इटलीत पदुआला शिकवायला गेला आणि आठ वर्षं राहिला. तिथे त्याला आम्लेतो सार्तोरी हा शिल्पकार भेटला. दोघांनी मिळून खटपट केली आणि सार्तोरीने चामड्याचा 'तटस्थ मुखवटा' बनवला. पॅरिसला परतून लकोकने ५ डिसेंबर १९५६ रोजी शाळा सुरू केली. १९७६ पासून ती एका जुन्या मुष्टियुद्धाच्या आखाड्यात भरू लागली. १९९९ मध्ये लकोक गेला, तोवर जगभरातली मुलं तिथून शिकून गेली होती.

लकोकने कोपोचा हेतू परत आणला. त्याला मूकनट बनवायचे नव्हते. बोलणारे नट, लेखक, दिग्दर्शक बनवायचे होते, पण सुरुवात मौनापासून. मुखवटा घातलेला माणूस कुणीच नाही: त्याला भूतकाळ नाही, स्वभाव नाही, मत नाही. तो झोपेतून पहिल्यांदाच जागा होतो आणि जग बघतो. मग जंगल, डोंगर, नदी, वाळवंट ओलांडतो. एक धडा असा की धक्क्यावर उभं राहून दूर जाणाऱ्या बोटीला निरोप द्यायचा. बस्स, एवढंच. आणि यात पोरं पार उघडी पडतात. कुणाच्या खांद्यात उगाच दुःख साठलेलं असतं, कुणाची चाल कायमची दिमाखदार, कुणाची हनुवटी सदैव वर. चेहरा असताना हे कुणाला दिसत नाही, स्वतःलाही नाही. लकोकच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा शेवट व्हायचा विदूषकाच्या लाल नाकाने. त्याला तो जगातला सर्वांत छोटा मुखवटा म्हणायचा.

या शाळेतून कोण निघाले? 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मधला बार्बोसा, म्हणजे जेफ्री रश. फ्रान्समधली अरियान म्नुश्किन, जिच्या कंपनीने १९८७ मध्ये आपल्या फाळणीवर नाटक केलं. इंग्लंडचा सायमन मॅकबर्नी, ज्याच्या कंपनीने २००७ मध्ये श्रीनिवास रामानुजनवर नाटक केलं. यातला एकही काचेची भिंत चाचपत बसला नाही.

इथपर्यंत आल्यावर रविवारी आमच्या थोरल्या दादांनी (हे वाचत आहातच, दादा!) अपेक्षित वाक्य टाकलं, "हे सगळं आपल्या नाट्यशास्त्रात दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय."

लिहून ठेवलंय हे खरं. आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार. आंगिकात मस्तकाच्या १३ हालचाली, ३६ दृष्टी, एका हाताच्या २४ मुद्रा, दोन हातांच्या १३. छाती, कूस, कंबर, मांड्या यांचेही प्रकार सांगितले आहेत. पण 'हे' लिहून ठेवलेलं नाही, ते वेगळं आहे. भरताचा नट डोळ्यांची आणि हातांची एक भाषा शिकतो आणि प्रेक्षकालाही ती भाषा कमीअधिक येत असते. कोपोसमोरचा प्रश्न निराळा होता. त्याच्या नटाकडे भाषा उरलीच नव्हती, नुसत्या सवयी होत्या, म्हणून त्याने पाटी पुसण्यापासून सुरुवात केली. एक परंपरा भरते आणि दुसरी रिकामी करते. दोन्हींची एकमेकांशी गाठ पडली तीही उशिरा. १९६३ मध्ये युजेनियो बार्बा हा इटालियन तरुण केरळ कलामंडलमला जाऊन कथकलीचं शिक्षण पाहून आला आणि त्याने तिथले व्यायाम पोलंडमध्ये ग्रोटोव्हस्कीच्या नटांपर्यंत पोचवले. आधी आमचं की आधी तुमचं यापेक्षा ही देवाणघेवाण मला जास्त मोलाची वाटते.

आणि मराठीत उदाहरण हवं तर 'घाशीराम कोतवाल' आहेच. डिसेंबर १९७२, पुणे. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. त्यातला माणसांचा पडदा आठवा. एका रांगेत उभे राहून डोलणारे, मधेच पाठ फिरवणारे ते ब्राह्मण. आख्ख्या शहराने एखाद्या गोष्टीकडे कसा काणाडोळा केला हे सांगायला तिथे एकाही चेहऱ्याची गरज पडत नाही. कोपो-लकोकशी त्याचा काही संबंध नाही, ते आपल्या खेळ्यांच्या लोककलेतून आलं. पण पाठ काय सांगू शकते ते आपल्या प्रेक्षकाला तेव्हा कळलं होतं.

आता घरातली गोष्ट.

माझ्या वडिलांना, म्हणजे भाचीच्या आजोबांना, चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. हात थरथरतात हे सगळ्यांना दिसतं. पण या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आपसूक हलेनासे होतात. पापण्या कमी लवतात, हसू उमटत नाही, आवाज बारीक होतो. डॉक्टरांनी शब्दच वापरला, 'मुखवट्यासारखा चेहरा'. आत सगळं तसंच असतं, आनंद, राग, चेष्टा, फक्त बाहेर पोचत नाही. गेल्या वर्षीच्या लग्नात तुमच्यापैकी दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काका आमच्यावर रागावलेत का? बोललेही नाहीत, हसलेही नाहीत." ते रागावले नव्हते. खरं सांगायचं तर पहिले सहा-आठ महिने मीसुद्धा चुकलो. ते उदास आहेत असं धरून त्यांच्याशी उगाच समजुतीच्या सुरात बोलत राहिलो, आणि ते आणखी गप्प झाले. मार्सोचा कारागीर पुन्हा पाहताना एकदा मधेच थांबलो, कारण आमच्या घरात खुर्चीवर बसलेल्या माणसाचं थोडंफार तेच झालं होतं.

तर रविवारी भाचीने मुखवटा आणलाच होता. म्हणाली, "थांबा, बोटीचा धडा करून दाखवते." हॉलमधलं टीपॉय सरकवलं. मुखवटा चढवला, धक्क्यावर उभी राहिली, बोट निघाली, हिने हात वर केला, हलवला, बोट दिसेनाशी झाली, हात खाली. आम्हाला बरं वाटलं. दादांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

बाबा छोट्या-छोट्या स्टेशनांवर चौतीस वर्षं स्टेशनमास्तर होते. खुर्चीतून त्यांच्या त्या बारीक आवाजात ते म्हणाले, "हात आधी नाही जात."

कुणाला नीट ऐकू आलं नाही. भाची मुखवटा काढून जवळ गेली, "काय आजोबा?"

"गाडी सुटली की माणूस आधी एक पाऊल पुढे टाकतो. अंग जातं गाडीबरोबर. हात नंतर वर होतो. पुष्कळांचा होतही नाही."

तिने पुन्हा केलं. या वेळी आधी एक पाऊल गेलं, मग छाती, मग ती थांबली, कारण धक्का संपला होता. हात अर्धाच वर आला. पुढे काही सांगत नाही, पण दादांनी या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मी बाबांकडे बघितलं. चेहऱ्यावर नेहमीप्रमाणे काही नव्हतं. पण ते खुर्चीत पाठ सोडून पुढे आले होते आणि उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर ठोकत होते. गाडी वेळेवर सुटली की ते असंच करायचे, लहानपणी ऑफिसात त्यांच्या टेबलाखाली बसून मी ते पाहिलेलं आहे. मला एवढं कळायला पुरे होतं.

भाची सोमवारी परत गेली. अभ्यासक्रम सोडणार नाही म्हणाली. मुखवट्यावर अजून राग आहेच, तो असू दे. आणि नातेवाईक मंडळी, पुढच्या कार्यात बाबांना भेटाल तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून काही ठरवू नका. शेजारी बसा, जरा वेळ द्या आणि पायाकडे लक्ष ठेवा.

असो. लांबलं बरंच. बाबांचं जेवण व्हायचं आहे.